बारा, तेरा, चौदा

चहाचा मग पांढरा निघाला. उजव्या डोळ्यावरची पट्टी काढून दोन-तीन तास झाले असतील. माझ्या नवऱ्याने, लाओ यानने, खिडकीचा पडदा अर्धा ओढून मला पलंगावर बसवलं होतं आणि हातात चहाचा मग दिला होता. तोच एनॅमलचा मग, ज्याच्यावरून मी गेली तीन-चार वर्षं त्याच्याशी भांडत आले. नीट घासत नाहीस, राप चढलाय, बघ कसा पिवळा पडलाय. बिचारा सोड्याने घासायचा, राखेने घासायचा, पुन्हा आणून दाखवायचा, आणि मी म्हणायचे, राहू दे, तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. तो मग पांढराशुभ्र होता. कडेला रेघ होती, तीही निळी निघाली. मी तिला हिरवी समजत होते. मी उजवा डोळा मिटला आणि ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्याने पाहिलं, तर मग पिवळा. डावा मिटला, तर पांढरा. पुन्हा पिवळा, पुन्हा पांढरा. लाओ यान माझ्याकडे बघत उभा होता. "काय गं, डोळे मारतेस होय या वयात?" म्हणाला. मी विचारलं, "हा मग कधीपासून असा आहे?" "असा म्हणजे?" "पांढरा." "घेतला तेव्हापासून." "मग बोलला का नाहीस?" तर तो हसला. "बोललो होतो की. तू म्हणालीस, गिरणीत गाठोडी उचलण्यात जन्म गेला तुझा, तुला काय रंग कळतात." मी असं म्हणाले असेन. मी अशी वाक्यं बोलते आणि विसरून जाते, ज्यांना लागतात त्यांच्या मात्र ती लक्षात राहतात. मी चहा प्यायले. चहाचा रंगसुद्धा वेगळाच होता, फिका. मला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भिंतही पांढरी होती.

थकलेल्या माणसाला वाईट विचारसुद्धा सावकाश गाठतो. पहिला सगळा दिवस मी नुसती बघत होते: उशीचा अभ्रा, लाओ यानचे केस, माझे स्वतःचे हात, ज्यांच्यावर एवढे डाग आहेत हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाला, "मावशी, फार पिकला होता मोतीबिंदू. चहा भरलेल्या काचेतून बघत होतात तुम्ही, चार-पाच वर्षं तरी. हळूहळू होतं ते, कळत नाही. महिनाभर सुई हातात धरायची नाही, मग डाव्याचं बघू." मी मान हलवली. बाहेर रस्त्यावर चिनार वृक्षांची सालं निघत होती आणि खालचं खोड इतकं फटफटीत दिसत होतं, की मी लाओ यानच्या दंडाला धरून चालत होते. आणि कालव्यावरचा पूल उतरताना, अगदी उतरताना, तो विचार आला. मग माझे चेहरे? चार वर्षांत मी रेशमावर सात चेहरे भरले होते. मी जे पाहत होते ते पिवळं होतं. म्हणजे माझ्या डोळ्याला जो चेहरा बरोबर दिसला, तो खरा कसा होता? पिवळ्या काचेतून पाहणाऱ्याला कुठलीही कातडी पिवळीच दिसणार, आणि तो ती सुधारायला जाणार. कमी पिवळा दोरा घेईल, मग त्याहून कमी, मग राखी, मग निळसर. जो चेहरा मला निरोगी दिसला तो निळा असणार. मी पुलाच्या शेवटच्या पायरीवर थांबले. लाओ यान म्हणाला, "चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, दम लागला."

आमच्या भरतकामाच्या कारखान्यात मोठ्या चौकटीवर दोघीजणी समोरासमोर बसतात. मधे ताणलेलं रेशीम, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जिनफंग. तेहतीस वर्षं. मी चेहरेवाली आणि ती कपडेवाली. पुराणातल्या सगळ्या बायका आम्ही दोघींनी अशा वाटून घेतल्या होत्या: चंद्रावर पळून गेलेली, कमळ हातात धरणारी, आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेली माकू, जी पश्चिमेच्या राणीमातेच्या वाढदिवसाला पीच आणि मद्य घेऊन निघते. घरातल्या म्हाताऱ्या बाईचा साठावा, सत्तरावा, ऐंशीवा वाढदिवस असला की लोक माकू भरून नेतात. आधी जिनफंगने झगा, पट्टा, ढग, टोपली, सगळं भरायचं. मग माझी पाळी. त्याला आमच्याकडे चेहरा उघडणं म्हणतात. बाकी सगळं काम चित्रकाराने काढून दिलेलं चित्र शेजारी टांगून होतं, पण चेहरा उघडायला बसले की मी ते चित्र काढायला लावायचे. निंग शिफूंनी, म्हणजे ज्या गुरूंच्या हाताखाली आम्ही दोघी शिकलो त्यांनी, मला तसंच शिकवलं होतं: कागदावरच्या बाईला रक्त नसतं, तिच्याकडे बघून कातडी भरू नकोस, आठवून भर. मी आठवून भरायचे. मला त्याचा गर्व होता, आता लपवून काय करू. चित्राशी ताडून पाहिलं असतं तर चित्रही पिवळं दिसलं असतं आणि दोराही पिवळा दिसला असता, आणि दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेत काम बरोबर झालं असतं. नवशिकी मुलगीसुद्धा चुकली नसती. या चुकीसाठी माझ्याइतकं तरबेज असावं लागतं.

म्हणजे चार वर्षांत सहा घरांत, भर वाढदिवसाच्या दिवशी, म्हाताऱ्या बाईसमोर मी प्रेताच्या रंगाची बाई नेऊन उभी केली होती. सहा गेल्या होत्या. सातवी अजून चौकटीवर होती. तिचे डोळे तेवढे राहिले होते, ते मी ऑपरेशननंतर करणार म्हणून सोडून आले होते. कारखाना घरापासून चालत पाव तासावर. उठावं आणि जाऊन बघावं. मी गेले नाही. डॉक्टरने महिनाभर सुई धरू नको सांगितलं होतं, बघू नको असं काही सांगितलं नव्हतं, पण मी लाओ यानला म्हणाले, डॉक्टरने मना केलंय. दिवसभर पडून राहायचं. तो रेडिओवर तंतुवाद्यावरच्या जुन्या गोष्टी लावायचा, प्रेमात पडलेली नटी, परीक्षेला गेलेला तरुण, रोज पाऊण तास, आणि मी ऐकता ऐकता डोळे आळीपाळीने मिटायचे. डाव्या डोळ्याचं जग मला आवडायला लागलं होतं. ते ऊबदार होतं आणि त्यात मी चुकले नव्हते.

जिनफंग भेटायला आली नाही. तिने डबा पाठवला. सप्टेंबर होता, तिच्या माहेरी तलावाकाठी मखाण्याची फळं निघायचे दिवस. ताजा सोललेला मखाणा, साखरेच्या पाण्यात उकडलेला, त्यावर वाळक्या सुगंधी फुलांची चिमूट. लाओ यान डबा घेऊन आला आणि म्हणाला, "फाटकापाशी भेटली. आत या म्हटलं तर म्हणे झगा पुरा व्हायचाय." झगा पुरा व्हायचाय! झगा पुरा झाल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावते का कधी? काठाचे दोन ढग राहिले होते फक्त, ते चेहऱ्यानंतरही चालतात. तिला यायचं नव्हतं. मी एकेक दाणा चावत विचार केला, तिला माहीत आहे. ती समोर बसते. तिला दिसलं नसेल कसं? झगा भरून हात मांडीवर ठेवून ती बसायची, कारण चेहरा उघडताना समोरचीने सुई चालवायची नाही, चौकट हलते. म्हणजे महिना महिना ती नुसती माझ्या हाताकडे बघत बसायची. आणि तोंडातून शब्द काढला नाही. मला तिचा राग आला. तो राग बरा वाटला, कारण त्याच्या आधीच्या भावनेपेक्षा तो उचलायला हलका होता.

ती आधीची भावना जुनी आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी शिफूंकडे आलो, मी शहरातली, ती तलावाकाठच्या गावातली. एकविसाव्या वर्षी शिफूंनी दोघींना एकेक डोळा भरायला सांगितला. रेशमाचा एक दोरा, त्याचे सोळा पदर काढायचे, आणि एका पदराने बाहुलीतला उजेड भरायचा. तीन दिवस लागले. दोन्ही डोळे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला दिसलं, शिफूंना दिसण्याच्या आधी. माझा डोळा नुसता उघडा होता, तिचा बघत होता. शिफूंनी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहिले. मग त्यांनी जिनफंगचा हात उलटा केला आणि तळव्यावरून कोऱ्या रेशमाची एक लड ओढली. लड अडकली. एकदा, दोनदा. लहानपणापासून तुतीची पानं खुडलेला, मखाणे सोललेला हात होता तो. रोज तांदळाच्या पाण्यात बुडवून ठेवायची ती, पण काही उपयोग नव्हता. चेहऱ्याच्या साटिनवर असा हात फिरला तर तंतू उभे राहतात. माझ्या हातावरून लड सुळकन गेली. "चेहरे पेइलानकडे," शिफू म्हणाल्या, "कपडे जिनफंगकडे." झालं. मी काही म्हणू शकले असते. काय म्हणणार होते, ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण काहीतरी. संध्याकाळी जिनफंगनेच विषय हसण्यावारी नेला. मखाणे सोलताना बायका बोटांना तांब्याची नखं बांधतात, ती तिने घातली आणि माझी पाठ खाजवायला आली. माकूची नखं पक्ष्याच्या पंज्यासारखी लांब होती, आणि एका गृहस्थाच्या मनात नुसतं आलं की यांनी पाठ काय छान खाजवता येईल, तर त्याला अदृश्य चाबकाचे फटके बसले, ही गोष्ट शिफूंनी त्याच आठवड्यात सांगितली होती. "मनात आणू नकोस हं," जिनफंग म्हणत होती, "मी आपली आपणहून खाजवतेय." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्यानंतर तेहतीस वर्षं मी तिच्या कामाला चांगलं म्हणाले नाही. वाईटही म्हणाले नाही. झगा तर असणारच, तसं ते.

महिना भरला तेव्हा माझ्याकडचं निमित्त संपलं. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेले, म्हणजे कोणी भेटू नये. पूर्वी त्या दालनात शंभर चौकटी होत्या, आता अकरा आहेत, त्यामुळे भिंतीपर्यंत रिकामी फरशी दिसते. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. फक्त आमच्या चौकटीवर जिनफंग काठाच्या शेवटच्या ढगावर वाकली होती. तिने वर पाहिलं. "आलीस? महिनाभर आयतं खाऊन गाल वर आलेत तुझे," म्हणाली. चेहऱ्यावर धुळीसाठी पांढरं फडकं टाकलेलं होतं, मी ते उचललं, डावा डोळा मिटला आणि पाहिलं.

चेहरा बरोबर होता. गव्हाळ, गालाशी लालसर, कपाळाशी उजळ. निळेपणा कुठेच नाही. मी वाकून पाहिलं, बाजूने पाहिलं. टाके माझे होते, ते मी अंधारातही ओळखीन, नाकाच्या बाजूने वळणारे, हनुवटीखाली आखूड होत जाणारे. मला रडू वगैरे आलं नाही, मी नुसती माझ्या स्टुलावर बसले. महिनाभर मी सहा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मनातल्या मनात माफी मागत होते, आणि काही झालंच नव्हतं. माझा हात डोळ्यापेक्षा शहाणा निघाला, असं वाटलं. डोळा गेला तरी हाताला कातडी आठवत होती. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो मी जिनफंगला सांगणारही होते. नुसता हाताला चाळा म्हणून मी माझी दोऱ्यांची पेटी उघडली.

कातडीच्या रंगाच्या चौदा छटा असतात. प्रत्येक छटा कागदाच्या घडीत, घडीवर नंबर. एक ते सहा उजेडाच्या, सात ते अकरा अंगाच्या, बारा, तेरा, चौदा सावलीच्या. या तीन थंड असतात, राखी, किंचित निळसर. गेली चार वर्षं मी या तीन फार वापरत होते, आणि फार कुरकुरत होते. चौदा पूर्वीसारखा थंड येत नाही म्हणून मी रंगखान्यातल्या लाओ तांगशी जाऊन भांडले होते. त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या जिनफंगकडे पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "काय करू ताई, कालव्याचं पाणीच बदललंय." मला ते पटलं होतं, कालव्याचं पाणी खरंच बदललंय. आता मी चौदाची घडी उलगडली. आत गव्हाळ दोरा होता. तेराच्या घडीत गव्हाळ, बाराच्या घडीत त्याहून उजळ.

"हा चौदा नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे?" जिनफंगने वर न बघता विचारलं.

"आठ आहे. नऊ असेल फार तर. चौदा नाही."

तिने टाका पुरा केला, दोरा कापला आणि सुई उशीत खोचली. "चांगलं झालं म्हणायचं ऑपरेशन," म्हणाली.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिली गेली, तिच्यानंतर."

"पहिली कशी होती?"

"गारठलेली." ती म्हणाली. "न्यायला आलेला माणूस बघून गप्पच झाला. मी म्हटलं, ही पहाटेची माकू आहे बाबा, समुद्रावरून चालत आलीये, थंडी नाही का वाजणार? त्याला पटलं. घेऊन गेला."

एरवी मी हसले असते. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू काय म्हणाली असतीस? कपडेवालीला कातडीतलं काय कळतं. पन्नास वेळा ऐकलंय मी ते. एक्कावन्नाव्यांदा नको वाटलं."

"लाओ तांगला माहीत होतं?"

"त्यानेच दोरे काढून दिले."

"आणखी कोणाला?"

"सगळ्यांना." मग सांगूनच टाकावं तशी म्हणाली, "भात वाढणाऱ्या बाईलासुद्धा."

मी दालनभर पाहिलं. रिकाम्या खुर्च्या होत्या, कोणाच्या पाठीला स्वेटर, कोणाच्या पिशवीला लटकलेली किल्ली. या सगळ्या चार वर्षं मला रोज शिफू म्हणत होत्या, चेहरा उघडायला बसले की पाय न वाजवता चालत होत्या, आणि सगळ्यांना माहीत होतं. माझी लाज राखली त्यांनी, दुसरं काय. शहरात असंच करतात, आणि मीही दुसऱ्या कोणासाठी तेच केलं असतं. पण ज्याची राखली जाते त्याला ते एकदम, सगळ्या वर्षांचं मिळून, एका दुपारी कळू नये. माझे कान तापले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आंधळ्यासारखं हाताला धरून चालवलंत," मी म्हटलं. "एवढी दया आली माझी?"

"दया?" जिनफंगचा आवाज चढला. तेहतीस वर्षांत तो माझ्यावर चढला नव्हता, त्यामुळे मला आधी कळलंच नाही की ती रागावली आहे. "अगं बाई, चार-चार महिने मी एक झगा भरते. एकेका ढगाला बावीस छटा लावते. मान मोडते माझी. आणि त्याच्यावर तू प्रेताचं डोकं बसवणार, आणि मी हात मांडीवर ठेवून बघत बसू? तुझ्यासाठी नाही केलं मी. झग्यासाठी केलं."

मी इतकी वर्षं समजत होते की झगा हा माझ्या चेहऱ्याखालचा पाट आहे. कोणाच्या तरी लेखी चेहरा हा झग्याच्या वर बसवलेला एक तुकडा असेल, आणि तो खराब निघाला तर झग्याची शोभा जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी झग्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने पहिल्यांदाच पाहत होते. माकूच्या खांद्यावरून उतरणारी निळी घडी कोपरापाशी जिथे आत वळते, तिथे जिनफंगने निळा सोडून एक करडा टाका घातला होता आणि पुन्हा निळा धरला होता. त्यामुळे आत हात आहे हे कळत होतं. त्या कापडाच्या आत एक थकलेला, बराच वेळ टोपली धरून राहिलेला हात होता. मी पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मला दिसलं काय चुकलंय ते.

सावली नव्हती. खालच्या पापणीखाली, नाकपुडीच्या कडेला, ओठ मिटतात तिथल्या कोपऱ्यात एकेक थंड पदर लागतो, एवढासाच, सोळाव्या हिश्शाचा. कातडी जिवंत वाटते ती त्याच्यामुळे. तो नसला की चेहरा गोड होतो. हा गोड होता. मिठाईच्या डब्यावरच्या बाईसारखा, कधी कोणाची वाट न पाहिलेला. पुराणातल्या ज्या माकूने पूर्वेच्या समुद्राची तुतीची शेतं झालेली तीनदा पाहिली, तिचा हा चेहरा? निळा नव्हता एवढंच. पहिली सोडली तर सगळ्या अशाच झाल्या असणार, कारण माझ्या पेटीत थंड दोराच नव्हता. हा धरून सहा चेहरे. टाके माझे, रंग जिनफंगचे, आणि खरं तर दोघींपैकी कोणाचेच नाहीत. मला महिनाभर वाटत होती ती भीती यापेक्षा बरी होती. प्रेताचा का होईना, तो माझा चेहरा झाला असता.

जिनफंगने तिच्या बाजूचा खण ओढला. त्यातून कागदाच्या घड्यांची एक चळत काढून तिने ताणलेल्या रेशमावर अलगद ठेवली. बारा, तेरा, चौदा, तिच्या गोल अक्षरात, वर्षावार, चारही वर्षांच्या. एकही दोरा तिने टाकला नव्हता की दुसऱ्या कामात वापरला नव्हता. "हे तुझे," म्हणाली. "आता दिसतंय तुला, तर घे." राग उतरला होता तिचा. ती हात मांडीवर घेऊन बसली, जशी मी चेहरा उघडायला घेतला की बसते. मग माझ्याकडे न बघता, काठाचा ढग बोटाने सारखा करत तिने विचारलं, "पण चेहरे चांगले झाले ना गं ते? सहाच्या सहा?"

तिचा आवाज वेगळाच आला. चौपन्न वर्षांची बाई, परीक्षेचा कागद देऊन उभी राहावी तशी. माझ्या लक्षात आलं की तेहतीस वर्षांत चेहऱ्यांपर्यंत ती एवढीच पोचली होती: लपूनछपून, माझ्या पेटीतल्या तीन कागदांतून. मी खरं सांगू शकत होते. कामाचं खरं सांगायला मी कधीच कोणाची भीड धरली नाही, तीच माझी ख्याती आहे. पण मी थकले होते, आणि एखादं खरं कोणाच्या तरी मांडीवर ठेवायलाही ताकद लागते. शिवाय मला तिची कणव आली, आणि तिच्याइतकीच माझीही आली.

"चांगले झाले," मी म्हटलं.

"खरंच?"

"माझ्या आधीच्यांपेक्षा चांगले."

तिने काठाच्या ढगावरून पुन्हा बोट फिरवलं. मान खाली होती. मला आता डोळे करायला बसायचं होतं. महिना भरला होता, सुई धरायला हरकत नव्हती. आणि मला स्वच्छ समजलं की मी जे बोलले त्याची किंमत या चेहऱ्याने द्यायची आहे. चौदाचा एक टाका जरी मी पापणीखाली घातला, तरी सावली पडणार, चेहरा जागा होणार, आणि समोर बसलेल्या तिला त्याच क्षणी कळणार की आधीच्या सगळ्यांत काय नव्हतं. तेव्हा हा चेहराही तसाच करायचा. नवा डोळा मिळाल्यावरचा पहिला चेहरा, कदाचित कारखान्यातला शेवटचा, आणि तो मी जाणूनबुजून, उजेडात, डोळे उघडे ठेवून गोड करणार होते. मी चळतीकडे पाहिलं नाही. माझ्या पेटीतून गव्हाळ दोरा घेतला, नख लावून त्याचे पदर काढले, दोन, चार, आठ, सोळा. एक पदर नेढ्यातून ओवला. इतका सहज ओवला गेला की मला वाईट वाटलं. डाव्या पापणीखाली सुई नेली, वरून टेकवली आणि थांबले. हात पुढे जाईना. मी त्याला सांगत होते, घाल, एकच टाका आहे, आणि तो थांबला होता.

समोरून जिनफंगने चळतीतली चौदाची घडी काढली आणि रेशमावरून माझ्या बाजूला सरकवली.

"घे," ती म्हणाली. "पापणीखाली, नाकाशी आणि ओठाच्या कोपऱ्यात. सहांतल्या एकीलाही सावली नव्हती, पेइलान. पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. मी कपडे भरते म्हणून काय आंधळी आहे?"

मी सुई खाली ठेवली. "मग विचारलंस कशाला?"

"तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं."

असं म्हणून तिने सवयीने चौकटीची तिच्या बाजूची दोरी ताणून घट्ट केली, आणि हात पुन्हा मांडीवर घेतले.